चार नंबरच्या खोलीची चाबी

मागच्या महिन्यात एका महिला मंडळानं गोपिकाताई भोयरचा सत्कार केला. यशस्वी उद्योजिका म्हणून शाल, नारळ, अन् मागं भलामोठा फ्लेक्स. मले म्हणे, सरिता, तू त्यांच्याकडं पाच वर्षांपासून आहेस, दोन शब्द बोल. मी बोलली. सगळं चांगलंच बोलली. घरी आली अन् घास उतरेना. तिथं जे गिळून टाकलं ते आता सांगूनच टाकते, मंग कोणाले राग येवो नाहीतर लोभ.

गोपिकाताई कामठीची. चौदा वर्षं शेअर ऑटोनं नागपूरच्या रामदासपेठेत येऊन एका मोठ्या पार्लरमध्ये उभी राहिली. उभीच, कारण कामवाली बाई बसलेली गिऱ्हाइकाले बरी दिसत नाही म्हणे. बायका तिचंच नाव घेऊन येत. अन् मालकीण सकाळी सगळ्या पोरींचे फोन ड्रॉवरमध्ये टाकून कुलूप लावे, कोणी गिऱ्हाइकाचा नंबर घेऊ नये म्हणून. एक दिवस एका जुन्या गिऱ्हाइकानं ताईले चिठ्ठीवर नंबर लिहून देल्ला. मालकिणीले कळलं. तिनं सगळ्यांसमोर ताईची पर्स उलटी केली. डबा पडला, भाजी फरशीवर सांडली, अन् ती भाजीही ताईलेच पुसाले लावली. हे ऐकलं की आजही माह्या तळपायाची आग मस्तकात जाते.

ताईनं नोकरी सोडली, दागिने मोडले, अन् त्याच रामदासपेठेत एका पॅथॉलॉजी लॅबच्या वरचा अख्खा मजला भाड्यानं घेतला. पण पार्लर नाही काढलं. प्लायवूडच्या भिंती टाकून सहा खोल्या पाडल्या. एका खोलीत एक खुर्ची, एक आरसा, एक बेसिन, अन् दाराले स्वतःचं कुलूप. खोली घेणारीनं दर शनिवारी भाडं द्यायचं, बाकी तिचं तिनं पाहावं. "हात तुहा, गिऱ्हाईक तुहं, भाव तुहा," ताई प्रत्येकीले सांगे. "माहा फक्त दरवाजा. अन् त्याची दुसरी चाबी माह्याकडंही नाही."

लोक हसले. भाडेकरू ठेवणं हा काय धंदा आहे, म्हणे. पहिल्या उन्हाळ्यात दोन खोल्यांत ड्रायर चालला की सगळ्या मजल्याची लाइट जाये. ताई खचली नाही. वायरिंग नवी केली, खोलीगणिक वेगळं मीटर लावलं, इन्व्हर्टर आणला. टॉवेल धुवाले एक मावशी ठेवली, अन् गच्चीवर टाकलेले टॉवेल आपल्या नागपूरच्या उन्हात तासाभरात कडक वाळत, त्याचा खर्चच नाही. एका कामाच्या दोघी कधी घेतल्या नाहीत. केसांवाली वेगळी, मेंदीवाली वेगळी, नखांवाली वेगळी. मी फेशिअल-वॅक्सिंगची, मेकअप मले येते पण जेमतेम. त्यामुळं आमच्यात भांडण नाही, अन् एकीकडं आलेलं गिऱ्हाईक जाता जाता दुसरीकडंही बसते. दुसऱ्या वर्षी खोलीसाठी बायका नंबर लावून राहिल्या होत्या. नफा असा आकाशातून नाही पडला, बाईनं डोकं चालवलं.

चार नंबरची खोली कामिनीले मिळाली. ती भिवापूरची, नवऱ्याले जाऊन तीन वर्षं झालेली. नवरी सजवावी तं तिनंच. पण नवरीले विधवेचा हात लागू देत नाहीत ना. रामदासपेठेतल्या शिकल्यासवरल्या घरांतही नाही. खाली लॅबमध्ये रक्ताचा थेंब मशीनमध्ये घालून सतरा गोष्टी तपासतात, अन् वर येऊन बाईचा गळा तपासतात. ताईनं पहिल्याच दिवशी सांगितलं, "कामिनी, गळ्यात काळी पोत घालत जा वं. मंग कोणी विचारत नाही." ती पोत बर्डीच्या बाजारातून मीच आणून देल्ली, साठ रुपयांची. मले वाटलं, मी तिच्यावर उपकारच करून राहिली.

दोन वर्षं कोणी विचारलं नाही. मंग मागच्या मे महिन्यात आमच्या इमारतीचे मालक श्रीधरसाहेब यांच्या पोरीचं, अदितीचं लग्न निघालं. लग्नाच्या सकाळी ती आमच्याकडंच सजाले आली. कामिनीनं अडीच तास मान वर केली नाही. काम झालं तशा अदितीच्या आई चारुशीलाबाई ओटीचं ताट घेऊन आल्या. त्यांच्या घरी नवरी सजवणाऱ्या सवाष्णीची ओटी भरायची रीत. कामिनी मागं सरली, असू द्या म्हणाली. बाईंनी हट्टानं तिच्या कपाळाले कुंकू टेकवलं. तेवढ्यात दारातली एक पाहुणी म्हणाली, "अगं चारू, ही तर भिवापूरची. हिचा नवरा ट्रॅक्टर उलटून गेला. मी तेराव्याला जाऊन आलेय यांच्याकडे."

चारुशीलाबाईंनी आधी ताट मागं घेतलं. मंग ओला टिश्यू घेऊन स्वतःच्या पोरीचं कपाळ खसाखसा पुसलं. "सगळं काढा," म्हणाल्या, "आणि दुसऱ्या कुणाला तरी बोलवा." अदिती म्हणून राहिली, आई, राहू दे ना. तिचं कोण ऐकते? दुसरी कोण, तं मी. माहा नवरा रोज पिऊन येते, हाती लागन ते फेकून मारते, पण जिवंत आहे, म्हणून माहा हात शुभ. कामिनीनं अडीच तास केलेलं काम मी दहा मिनिटांत पुसलं अन् त्यावर माहं थापलं. कामिनी कोपऱ्यात उभी राहून पाहत होती. मनात असतं तं मले नाही म्हणता आलं असतं. मी नाही म्हटलं नाही.

चार दिवसांनी श्रीधरसाहेब वर आले. मजल्याचा करार जूनमध्ये संपत होता. "त्या बाईला काढा, नाहीतर मजला रिकामा करा," म्हणाले. "तुम्ही आम्हाला फसवलंत." आम्ही सगळ्या आपापल्या दारात उभ्या. मजला गेला तं सहा बायकांचं पोट गेलं.

ताईनं पदर खोचला. "साहेब, पोत मी घालाले लावली होती. फसवलं असन तं मी फसवलं. तिचा करार पुढच्या मार्चपर्यंत आहे, अन् त्या दाराची चाबी तिची आहे. मी नाही काढत."

माह्या डोळ्यांत पाणी आलं. पर्स उलटी केली तेव्हा जे तोंडातून निघालं नव्हतं, ते आज निघून राहिलं होतं.

साहेब ओरडले नाहीत. शांतपणे म्हणाले, "तुमच्याही मुलीचं लग्न आहे ना दिवाळीनंतर? मग हिच्याकडूनच सजवून घेणार ना तिला?" काय ते कळवा म्हणून साहेब जिना उतरून गेले.

"सांगा ना ताई," कामिनी म्हणाली. "भूमिकाले कोण सजवणार?"

ताईनं माह्याकडं पाहिलं. तेवढ्यानंच कामिनी समजली. दोन महिन्यांआधी ताईनं मले जिन्यात गाठून सांगून ठेवलं होतं, भूमिकाचं तू कर वं. इतकी पट्टीची बाई बाजूच्या खोलीत असून मी काहून, हे मी विचारलं नाही. कारण मले माहीत होतं काहून ते, अन् मले बरंही वाटलं होतं.

"तिच्या सासरचे लोक जुन्या वळणाचे आहेत ना," ताई म्हणाली.

"मालक तरी तोंडावर बोलला," कामिनी म्हणाली. तिनं गळ्यातली पोत काढली, चाबीसंगं ताईच्या टेबलावर ठेवली, अन् त्याच दुपारी सामान घेऊन निघून गेली. आम्ही कोणीच तिले थांबवलं नाही. थांबवलं असतं तं मजला गेला असता, हे सगळ्यांच्या डोक्यात होतं, माह्याही.

जूनमध्ये करार झाला, पाच वर्षांचा. चार नंबरच्या खोलीत आठवडाभरात खोट्या पापण्या लावणारी एक पोट्टी आली. कामिनी आता घरोघरी जाऊन नवऱ्या सजवते असं कानावर आलं. गळ्यात काही घालत नाही. फोनवरच आधी सांगते, मी विधवा आहे, चालत असन तं येते.

दिवाळीनंतर भूमिकाचं लग्न झालं. मी सजवलं. डाव्या डोळ्याची रेघ जाड झाली, ती तीनदा पुसली तरी साधली नाही. ताई मागंच उभी होती, तिले दिसत होतं. तेवढ्यात भूमिकाची होणारी सासू नवरीले पाहाले आत आली. तिनं हनुवटी धरून सुनेचा चेहरा उजेडाकडं वळवला, डावीकडून पाहिला, उजवीकडून पाहिला.

"ती कामिनी तुमच्याकडंच होती ना?" तिनं ताईले विचारलं. "मागच्या महिन्यात आमच्या पुतणीले तिनंच सजवलं. फोनवर सगळं सांगूनच आली होती बिचारी. आम्ही म्हटलं, ये वं, आमचं काही नाही. भल्ली देखणी दिसली पोरगी. मले वाटलं, तुम्ही तं तिलेच बोलावसान. काहून नाही बोलावलं?"

ताईनं खाली पाहिलं. मी ब्रश पुसत राहिली.