कपाशीचं औषध

गाईले कपाशीचं औषध लावू नये, हे बाईले माहीत नसन, असं लोक म्हणाले तेव्हा. बिचारीले माहीत नव्हतं म्हणे. मले माहीत होतं! अठ्ठावीस वर्षं अंगणवाडी चालवली मी. फवारणीची बाटली लेकरांच्या हाती लागू देऊ नका, घरात ठेवूच नका, असं बायांच्या अंगावर ओरडून ओरडून सांगतलं. अन माह्याच न्हाणीच्या भिंतीवर अर्धी बाटली उभी होती. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण.

आर्णीहून आत, फाट्यापासून दोन मैल आमचं गाव. घरधनी गेले त्याले सहा वर्षं झाली. वावर मक्त्यानं दिलं, पोरगा पुण्याले कंपनीत. घरात मी अन गाय. दूध म्हणाल तर दोन वेळच्या चहापुरतं. पोरगा दर रविवारी फोनवर तेच सांगे, "आई, विकून टाक न तिले, अन ये इकडं."

"तिथं काय करू मी? दिवसभर लिफ्टमधी वरखाली?" असं म्हणून मी फोन ठेवी.

खरं कारण त्याले सांगतलं नाई. सकाळी मी दार उघडलं की कोणीतरी मान वर करून पाहे. गाव मोठं आहे, लोक चांगले आहेत, पण मी उठली की नाई याची वाट पाहणारं तिच्याशिवाय कोणी नव्हतं. म्हून विकली नाई.

दसऱ्यानंतर तिले गोचीड झाले. कानात, शेपटीखाली, कासेवर, रगत पिऊन एरंडीच्या बीसारखे टम्म फुगलेले. दुपारी गोणपाटाची बोरी टाकून मी तिच्याजवळ बसे अन एकेक उपटून डब्यात टाके. पहिले डब्यात रॉकेल राहे, आता रेशनवर रॉकेल येत नाई, म्हून साबणाचं पाणी. मोठे सापडत. बारीक काही केल्या दिसत नव्हते, डोळ्यात मोतीबिंदू उतरून राह्यला होता.

शेजारी माही धाकटी जाऊ राहते. तिची नजर घारीची. पण आमचा अबोला होता, अन तोही कोंबड्यांवरून. तिच्या कोंबड्या रोज माह्या गोठ्यात येत, भिंतीतले, शेणातले गोचीड वेचून खात. एक दिवस त्यायनं माह्या मुगवड्या उकरल्या. मी दगड मारला. एक कोंबडी लंगडी झाली. जाऊनं सगळ्या खुराड्यात कोंडल्या अन माह्याकडची खिडकी लावून घेतली. महिनाभरात गोठा गोचिडानं भरला, पण "चुकलं माहं, सोड त्यायले" हे चार शब्द माह्या तोंडून निघाले नाईत. निघाले असते तर हे लिहायची वेळ आली नसती.

जनावरांचे डॉक्टर येऊन पाहून गेलते. "बाई, चिठ्ठी देतो. एक औषध तिच्या पाठीवर ओतायचं, दुसरं भिंतीच्या फटीत मारायचं. आर्णीहून मागवा." मी म्हटलं, बाजाराच्या दिवशी आणीन. अन आदल्याच दिवशी दूध काढतानी कासेतून रगत आलं. तिनं पाय झाडला नाई, नुसती माह्याकडं पाहत राह्यली. माह्या डोक्यात सणक गेली. "थांबा रे हरामखोरहो, तुमचा बंदोबस्त करते," म्हणत मी न्हाणीतली मक्तेवाल्याची बाटली काढली. कपाशीवरची कीड मरते तर ही काहून मरणार नाई? पंपाले झाकणाचं माप असते. बादलीले मी अंदाजानं ओतलं, अन रागात अंदाज कोणाचा बरोबर येते? फडकं बुडवून बुडवून सगळं अंग पुसलं तिचं. गोचीड उपटल्याच्या जखमा होत्या, त्याच्यावरूनही.

टपटप पडले गोचीड. मी इतकी खूश, की तिच्या गळ्याले थापटून म्हटलं, "मेले वो माय, मेले!" ती आपलं अंग चाटत होती. मी चहा मांडायले आत गेली.

चहा घेऊन आली तर तिच्या तोंडातून लाळेच्या तारा, अन सगळी कातडी थरथर कापे. मागचे पाय एकदम बसले. डॉक्टरले फोन लावला. त्यायनं पहिलं विचारलं, "अंगाले काही लावलं काय?"

"निंबाचं पाणी," मी म्हटलं.

काहून म्हटलं? शरमेनं. गावाची बाई ना मी! दुसऱ्यायले शिकवणारी. "मग ताप असन, एक म्हैस अडली आहे, ती मोकळी करून येतो," ते म्हणाले. मी फोन हातात धरून उभी राह्यली. तिचे डोळे मले शोधत होते. दहा मिनिटं गेली असतील. दहा मिनिटं मी माही इज्जत सांभाळली.

मग परत फोन केला अन खरं सांगतलं.

"बाई! तुम्ही?" एवढंच म्हणाले, अन मग ओरडले, "धुवा तिले! साबण लावून धुवा, पाणी थांबू देऊ नका, मी निघालो!"

नळाचा दिवस नव्हता. दोन बादल्यात टाकी खाली झाली. तेव्हा मी खिडकीवर हात आपटून जाऊच्या नावानं हाका मारल्या. ती काही विचारत बसली नाई. पाण्याचे दोन गुंड भरून घेऊन आली, मग आणखी दोन, मग हापशीवर पळाली. मी घासत होती, ती ओतत होती. डॉक्टर आले, इंजेक्शनं दिली, डोळे पाह्यले, पुन्हा दिली. मी विचारलं, "त्या फोनच्या वेळीच सांगतलं असतं तर?" ते सिरिंज पुसत राह्यले. "आता कायले विचारता, बाई," म्हणाले.

दिवस बुडायच्या आधी ती गेली. जेसीबीवाल्यानं वावराच्या धुऱ्यावर, बांधाले लागून, खड्डा खणून दिला.

जाऊ म्हणाली, "रड वो जरा." मले रडू येईना. पोराचा फोन आला. तो जीव लावून बोलला, त्याले काय दोष देऊ, पण म्हणाला, "जाऊ दे आई, आता तुले अडकून राहायचं कारण नाई." बरोबर होतं त्याचं. काहीच कारण नव्हतं.

पंधरा-वीस दिवस मी गोठ्याकडं गेली नाई. मग एका दुपारी बोरी टाकून तिथं जाऊन बसली, उगीच. भिंत तशीच, दावण तशीच. बराच वेळ बसली. उठतानी गुडघ्यामागं काहीतरी टोचल्यासारखं झालं. हात लावला तर गोचीड. चिकटलेला. फटीत महिनोन्‌महिने उपाशी बसते ही जात, अन ऊब जवळ आली की निघते. तो तिच्यासाठी निघाला होता. त्या घरात रगताचं अंग आता माहंच एक उरलं होतं.

मी त्याले लगेच उपटलं नाई. तशीच खाली बसली, अन तेव्हा रडली मी. जाऊ भिंतीवरून पाहत उभी होती, तरी रडली.