मिनिटसरांचा रकाना

"ज्यांना उत्तर येतंय त्यांनी एक मिनिट गप्प बसा," असं ते एकदा वर्गात म्हणाले आणि तेव्हापासून त्यांचं नाव मिनिटसर पडलं ते पडलंच.

सर कॉलेजात तत्त्वज्ञान शिकवत. प्रश्न विचारला की मनगटावरचं घड्याळ काढून टेबलावर ठेवायचे आणि पूर्ण मिनिट कुणालाही बोलू द्यायचे नाहीत. एकतीस वर्षं हाच शिरस्ता. घरी बायको पाहुण्यांना सांगायची, "यांना चहात साखर किती, ते विचारू नका. घड्याळ काढतील."

यंदा वर्गात अकरा विद्यार्थी उरले होते. विभाग ठेवायचा की बंद करायचा, हे ठरवायला समिती येणार होती. प्राचार्यांनी एक फॉर्म हातात दिला. त्यात एक रकाना होता: 'विषयाचा समाजाला होणारा उपयोग'. खाली चार ओळींची जागा.

आठ दिवस सर त्या चार ओळींपाशी अडून बसले. पेन्सिलीने लिहायचे, खोडायचे. 'विचारशक्ती वाढते' असं लिहिलं आणि स्वतःलाच विचारलं, कशावरून? खोडून खोडून कागद इतका झिजला की खालच्या टेबलक्लॉथची फुलं त्यातून दिसायला लागली.

"अहो, लिहा की काहीतरी. सगळेच लिहितात," बायको म्हणाली.

"काहीतरीच लिहायचं, तर मग एकतीस वर्षं मी केलं काय?"

"तेच तर ते विचारतायत."

त्याच आठवड्यात रक्तदाब तपासायला सर सरकारी दवाखान्यात गेले, तर दंडाला पट्टा बांधणारी सिस्टर त्यांचीच जुनी विद्यार्थिनी निघाली. सरांनी तिलाच विचारलं, माझ्या तासांचा तुला काही उपयोग झाला का.

"खरं सांगू सर? पुस्तकातलं एक अक्षर आठवत नाही," पट्ट्यात हवा भरता भरता ती म्हणाली. "फक्त ते मिनिट राहिलं. ऑपरेशनच्या कागदावर नातेवाईक डोळे मिटून सही करतात. मी पेन लगेच देत नाही. म्हणते, मिनिटभर थांबा, काही विचारायचं असेल तर डॉक्टरांना विचारा."

"मग विचारतात?"

"पुष्कळ जण विचारतात. एकाने विचारलं, आणि सही न करता आईला घरी घेऊन गेला. चार महिन्यांनी ती गेली. ऑपरेशन केलं असतं तर जगली असती का, कुणाला ठाऊक. शेवटपर्यंत दारात खुर्ची टाकून बसायची म्हणे, येणाऱ्याजाणाऱ्याशी बोलत." तिने पट्ट्यात आणखी थोडी हवा भरली. "मी बरं केलं की वाईट, सर?"

सरांचा हात आपसूक घड्याळाकडे गेला.

"हात हलवू नका. रीडिंग चुकेल."

सर घरी आले ते डोकं भणभणतच. याला उपयोग म्हणायचं की अपाय? आणि चार ओळींत मांडायचं तरी कसं? रकाना कोराच राहिला.

समितीचे अध्यक्ष मवाळ बोलणारे होते. "सर, मी सोपं करून विचारतो. हा विषय बंद झाला तर गावात कुणाचं काय अडेल?"

सरांनी घड्याळ काढून टेबलावर ठेवलं. सवयीने ठेवलं की बोलायला काही नव्हतं म्हणून, हे त्यांनाही धड कळलं नाही. काटा फिरू लागला. प्राचार्यांची चुळबूळ सुरू झाली. एक सभासद मोबाइल चाळू लागला. सरांच्या डोळ्यांपुढे दारातल्या खुर्चीवरची ती बाई आली. त्या मिनिटाने तिला काही दिलं, की तिचं काही नेलं?

चाळिसाव्या सेकंदाला अध्यक्ष हळूच म्हणाले, "म्हणजे, मला स्वतःला..." आणि थांबले. घड्याळाकडे बघत राहिले.

मिनिट संपलं. सभासदाने मोबाइल ठेवून फॉर्मवर दोन-तीन शब्द लिहिले. बाकापुढे उभं राहून मुलांच्या वह्या उलट्या बाजूने वाचण्यात सरांचा जन्म गेला होता. त्यांना ते सहज वाचता आलं: 'उत्तर दिले नाही'.

खोटं नव्हतं. सरांनी त्यात चूक शोधून पाहिली, सापडली नाही. त्यांनी घड्याळ मनगटावर बांधलं. अध्यक्ष अजून टेबलावरच्या त्या मोकळ्या जागेकडेच बघत होते. सर उठले, खुर्ची आवाज न करता आत सरकवली आणि बाहेर पडले.