ऐवजीवहिनी

माझ्या वहिनीला आम्ही सगळे ऐवजीवहिनी म्हणतो. ती शिवणकाम करते. कापड कमी पडलं की बाहीला दुसऱ्या रंगाची पट्टी जोडते आणि गिऱ्हाइकाच्या गळी ती फॅशन म्हणून उतरवते. स्वयंपाकातही तोच खाक्या. अंड्याऐवजी दही, साखरेऐवजी खजूर. लोक दुधाची तहान ताकावर भागवतात, वहिनी केकसुद्धा ताकावर भागवते. एकदा लिंबाऐवजी तिने कच्ची द्राक्षं वाटून घातली होती. आम्ही डोळे मिटून गिळलं, पण चव बिघडलीय असं तिच्यासमोर बोलायची कुणाची छाती झाली नाही.

तिचा नवरा, म्हणजे माझा दादा, औषधाच्या दुकानात असतो. चिठ्ठीत असेल तेच देणार. कुणी बदली औषध मागितलं की कपाळाला आठ्या. आणि गंमत म्हणजे हा स्वतःच बदली. वहिनीचं लग्न दुसऱ्याशी ठरलं होतं, त्याने ऐनवेळी पाय मागे घेतला आणि त्याच्याऐवजी दादा उभा राहिला. यावरून चिडवलं की घरात सगळे हसतात. दादाही हसतो, पण जरा उशिरा.

परवा वहिनी तापातून उठली, पण अन्नाला शिवेना. टोमॅटोचं सूप तेवढं घेईन म्हणाली. नेमके टोमॅटो संपलेले आणि बाजार बंद. मी पुढे सरसावले, तर दादाने मला स्टुलावर बसवलं. तिचं सूप तोच करणार होता. घरात गाजरं होती, लिंबू होतं. बराच वेळ तो त्यांच्याकडे नुसता बघत राहिला. मग त्याने गाजरं काट्यावर तोलली आणि लिंबाचा डोस किती, असं मला विचारलं. चाखून बघ, म्हटलं. औषधं चाखून दिली तर दुकानाला कुलूप लागेल, असं पुटपुटत त्याने लिंबू पिळलं, चाखलं, पुन्हा पिळलं.

त्याने वाटी वहिनीच्या हातात दिली. वहिनीने एक घोट घेतला.

"अहो, हे टोमॅटोचं नाही."

"नाही. त्याऐवजी गाजर आहे," दादा मान खाली घालून म्हणाला.

वहिनीने वाटी तळापर्यंत संपवली. मग त्याच्याकडे बघत म्हणाली, "ऐनवेळी ऐवजी आलेलंच मला मानवतं. हे काही आज नाही कळलं, लग्नातच कळलं होतं."

दादाचे कान लालबुंद झाले. अजून आहे, आणतो, असं म्हणून तो वाटी तिथेच विसरून स्वयंपाकघरात पळाला.