सरांच्या छतावरचा डाग

नेरूळमध्ये मी टिकलो तो सरांमुळे, हे आधी सांगतो. बाकीचं मग.

"उंची सोड, जाडी सांग." चष्मा कपाळावर चढवून सर कशालाही हेच विचारायचे. कपाटाला, भाकरीला, सोसायटीच्या नोटिशीलासुद्धा. अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. ती निवृत्त होतात, त्यांचा विषय होत नाही. सरांचा विषय भौतिकशास्त्र.

मी आठवीत शाळा सोडलेला, हिंगोलीकडचा, वॉटरप्रूफिंगचा मिस्त्री. सरांच्या वरच्या फ्लॅटचं बाथरूम हे माझं एकट्यानं केलेलं पहिलं काम. आठवड्यात सरांच्या छतावर ओला डाग आला. ठेकेदार म्हणाला, "कमिटीनं कामावर सही नाही केली, तर उद्या गावची गाडी धर."

कमिटीच्या मीटिंगला मी दाराशी उभा. सर तक्रार करणार, हे सगळ्यांनी धरलेलंच. सर उठले, चष्मा वर केला.

"एक भिंत समजा. उंची अनंत, पण एकाच बिंदूवर. जाडी शून्य. इलेक्ट्रॉनसारखा कण तिच्यावर चढत नाही, तिला भोक पाडत नाही, तरी कधीकधी पलीकडे सापडतो."

"सर, पॉइंटवर या ना," सेक्रेटरी म्हणाले.

"बिंदूवरच आहे मी."

दोन तास. फळा नव्हता, म्हणून पार्किंगच्या नकाशामागे गणित मांडलं. अध्यक्ष सारसोळ्याचे, नेरूळमधलेच मूळ गावकरी. ते शेवटी म्हणाले, "सर, पानी गलतंय का नाय, तेवरा सांगा. जेवाला जायचा हाय."

"ते शक्यतेवर आहे."

"म्हंजे मिस्त्रीची चूक नाय?"

"मी भिंतीबद्दल बोलतोय. गणित थोडं अडलंय, पुढच्या मीटिंगला पूर्ण करतो."

पुढची मीटिंग म्हटल्यावर अध्यक्षांनी तिथल्या तिथे सही केली.

जिन्यात मी सरांच्या पाया पडायला वाकलो. त्यांनी दंडाला धरून उठवलं आणि हळूच विचारलं, "कण तसा जातो रे. पाण्याला भोक लागतं. कुठे राहिलंय?"

"पाइपामागे," मी म्हणालो. "हात पोचला नाही, घाईत तसंच..."

"उद्या सकाळी पोचव."

पोचवला. गळती थांबली. डाग रंगवून देतो म्हटलं, तर सर ऐकेनात. त्याच्याभोवती पेन्सिलनं रेघ ओढून ठेवलेली. आल्यागेल्याला मान वर करायला लावायचे. "आमच्या मिस्त्रीचं पहिलं काम."

आता सर बंगळुरूला, मुलीकडे. किल्ली माझ्याकडे देऊन गेलेत. महिन्यातून एकदा जाऊन बघतो; डाग रेघेच्या आतच आहे.

सर येतील तेव्हा त्यांच्यादेखत कमिटीला सांगणार आहे, भोक माझं होतं. त्यांना दोन तास लागले, मला दोन मिनिटं पुरतील. मग शिडी लावून डागावर रंगाचे दोन हात मारीन, ते नको म्हणाले तरी.