मीठ: सुधारणेस वाव

आमच्या हिच्या मामांनी जिचं मूल्यमापन केलेलं नाही अशी वस्तू अजून जन्माला यायची आहे, आणि ती येईल तेव्हा खोलीबाहेर मामा चेकलिस्ट घेऊन उभे असतील. मामा डॉक्टर. कसले डॉक्टर, हे मला लग्नाला इतकी वर्षं होऊनही उमगलेलं नाही. नौपाड्यातल्या त्यांच्या घरी कोणी शिंकलं, तर ते म्हणतात, “डॉक्टरांना दाखवा.” कल्याणकडच्या एका मेडिकल कॉलेजात त्यांनी जन्मभर शिकवलं आणि आता निवृत्तीनंतर तिथल्याच समितीवर बसून ते अभ्यासक्रम तपासतात. म्हणजे विद्यार्थी काय शिकला ते नव्हे. जे शिकवायचं म्हणून लिहिलंय, ते शिकवता येईल असं लिहिलंय का, ते. हे मी त्यांच्याकडून अनेकदा समजून घेतलंय आणि दर वेळी निराळंच समजलोय.

मामांच्या मते कुठलीही विद्या पायऱ्यांनी येते: आधी ‘माहीत आहे’, मग ‘कसं करतात ते माहीत आहे’, मग ‘करून दाखवतो’. “जावईबापू, संसारात तुम्ही अजून दुसऱ्या पायरीवर आहात,” असं त्यांनी मला माझ्याच वाढदिवसाला सांगितलं. चूक सांगायची तर दोन कौतुकांच्या मधे घालून सांगायची, हा त्यांचा दुसरा नियम. एकदा रिक्षातून उतरताना ते चालकाला म्हणाले, “हॉर्न उत्तम. सिग्नल तुम्ही पाहिलाच नाहीत. पण दाढी फार छान ठेवलीये.” तो बिचारा म्हणे अजून तीन हात नाक्यावर दाढी चाचपत उभा असतो. एका लग्नात तर त्यांनी ऐन मुहूर्ताला गुरुजींना गाठलं. “या विधीचं उद्दिष्ट काय?” “लग्न लागणं.” “ते लागलं हे मोजणार कसं?” गुरुजी असे विचारात पडले की अंतरपाट खाली येईना, आणि नवरा-नवरी दोन्ही बाजूंनी ‘हॅलो, हॅलो’ करत राहिले.

पण रोजची परीक्षा मामींची. पहिला घास घेतला की मामा जाहीर करायचे, “पोळ्या मऊ. आमटीत मीठ, सुधारणेस वाव. वाढणं प्रशंसनीय.” मामी शांतपणे म्हणायच्या, “वाव आहे ना? मग त्या जागेत ताक ओता.” आणि खरोखर ओतायच्या. गेल्या वर्षी मामी गेल्या. मामांच्या डोळ्यांत टिपूस नाही. उलट तेराव्याच्या आचाऱ्यालाही त्यांनी दोन कौतुकांच्या मधे घालून एक चूक सांगितली. त्यांना दुःख झालंय की नाही, यावरून आमच्या घरात दोन तट पडले. मी दोन्हींत होतो.

यंदा मामांनी एक नवीनच पोस्टिंग अभ्यासक्रमात घुसवली होती. विद्यार्थ्यानं दुपारभर एका रुग्णाजवळ स्टुलावर बसायचं. तपासायचं नाही, केस लिहायची नाही, नुसतं बोलायचं. समिती म्हणाली, “याला गुण कसे देणार? पुढच्या बैठकीत पुरावा द्या, नाहीतर पोस्टिंग रद्द.” मामा माझ्याकडे डोंबिवलीला आले आणि चहाला नावं न ठेवता प्यायले, तेव्हाच मी घाबरलो. “जावईबापू, ही पोस्टिंग गेली तर मी जन्मभर नुसते रकाने भरले असं होईल.”

मग ठरलं ते असं: मामा वॉर्डात खोटे रुग्ण होऊन झोपणार, जेवण जात नसलेला रिटायर्ड कारकून म्हणून; हल्लीची मुलं त्यांना ओळखत नव्हतीच. मी त्यांचा मुलगा होऊन शेजारी बसणार आणि विद्यार्थ्यांनी काय काय केलं त्याच्या, मामांनी लिहून दिलेल्या कागदावर गुपचूप खुणा करणार. वॉर्डच्या सिस्टर कटात सामील. त्यांची अट एकच, “सर, झोपा खुशाल, पण माझ्या चादरींना फीडबॅक नको.”

विद्यार्थी आले. मी मानपाड्याच्या कारखान्यातून हाफ डे टाकून उन्हातून आलेलो. माझा चेहरा पाहून त्यांनी सरळ मलाच शेजारच्या रिकाम्या खाटेवर आडवं केलं. “अहो, मी नातेवाईक!” “काका, सगळे असंच बोलतात.” एकानं पोट दाबलं, एकानं गुडघ्यावर हातोडी मारली, माझी लाथ अशी उडाली की त्याचा चष्मा बहुधा आंबिवलीला सापडला असेल. पलीकडून मामा कुजबुजत होते, “हात धुतले का? खूण करा!” “मामा, हात माझ्याच पोटावर आहेत!” तेवढ्यात कोणीतरी आनंदानं ओरडलं, “अरे, याला बीपी आहे रे!” आणि त्या खुशीत सगळे कॅन्टीनला गेले.

एक मुलगी तेवढी माझ्या पाठीखाली अडकलेला स्टेथोस्कोप घ्यायला परत आली. जाता जाता मामांकडे बघून म्हणाली, “आजोबा, जेवलात का?”

“जेवण जात नाही,” मामांनी पाठ केलेलं म्हटलं.

ती स्टुलावर बसली. “वाढतं कोण?”

मी कागद पाहिला. हा प्रश्न मामांनी लिहिलाच नव्हता. मामा पंख्याकडे बघत म्हणाले, “मीच घेतो. मीठ बरोबर पडलंय का, तेच कळत नाही.”

“मग घालता कसं?”

“घालतच नाही.”

हा कारकून बोलतोय की मामा, मला समजेना. ती मुलगी मात्र संध्याकाळपर्यंत तिथेच बसली. तिच्या आईचा भात कसा करपतो ते तिनं सांगितलं, आणि मामा हसले. माझ्या खुणांप्रमाणे ती साफ नापास होती: नाव सांगितलं नाही, हात धुतले नाहीत, समारोप केला नाही.

बैठकीहून परतल्यावर मामांनीच सांगितलं. समितीनं विचारलं, “पुरावा?” मामा म्हणाले, “त्या रात्री मी घरी भात लावला. मीठ घालून.” लिहून घेणाऱ्यानं विचारलं, “सर, हे कुठल्या रकान्यात टाकू?” मामांना रकाना सापडला नाही. पोस्टिंग प्रयोग म्हणून वर्षभर ठेवलीये. मामांची कीव करून की त्यांचं पटून, हे समितीलाही माहीत नसावं.

परवाच्या रविवारी मामा आमच्याकडे जेवायला होते. हिनं आमटीत मीठच घातलं नव्हतं. विसरली की मुद्दाम, देव जाणे. मामांनी भुरका मारला. आम्ही पहिल्या कौतुकाची वाट बघत राहिलो.

“मीठ नाहीये,” ते म्हणाले. पुढे-मागे कौतुक नाही. मग ताटाकडे बघत, अगदी हळू, “तिचं बरोबर असायचं.”

मला काय सुचलं कोण जाणे, मी ताकाचं भांडं उचललं. मामांनी आमटीची वाटी पुढे केली.