येशूला विहिरीवर विसरून आलो

उपदेश करणाऱ्या बंधुभगिनींनो, दुपारपासून जेवण गोड लागेना, म्हणून लिहितोय.

आज कंधारच्या आमच्या चर्चमध्ये उपदेश माझा होता. थकलेला, तहानलेला येशू विहिरीवर बसून शोमरोन प्रांतातल्या बाईला पाणी मागतो, हे बायबलमधलं वचन. पण दुष्काळात तहानेचा विषय निघाला आणि मी माझ्यावरच आलो. माझे हाल, माझी प्रार्थना, माझ्या बोअरला लागलेलं पाणी. लोक रडले.

दारात सगळे म्हणाले, "लई भारी बोललात." मी "गौरव प्रभूला" म्हणत होतो आणि मनातून सुखावत होतो.

पहाटे टँकरच्या रांगेत उभी राहून आलेली सुंदरमावशी मात्र थांबली.

"पास्टर, त्याला पाणी भेटलं का मग?"

"कोणाला?"

"येशूला. त्याला विहिरीवर बसवलं अन् तुम्ही आपलंच सांगत राहिलात."

तुमच्याकडे आज उपदेशात कोण होतं?