मागच्या काचेवरचं नाव

"कॉलेज कुठलं?" अमेरिकेतल्या ट्रॉय गावात, आमच्या मराठी घरांत कुणाचंही मूल बारावीला पोचलं, की काका आधी हाच प्रश्न टाकत. नाव मोठं असेल तर मान डोलायची. नसेल तर ते हातातल्या श्रीखंडाच्या वाटीकडे असं बघत, की करणारीला वाटावं, आंबट झालं की काय!

तुमच्याही ओळखीत असे एक काका असतीलच. आमचे काका शेजारच्या घरातले, हार्टचे रिटायर्ड डॉक्टर. जिल्ह्याच्या गावातल्या मेडिकल कॉलेजातून ते इथे आले, तेव्हा दर इंटरव्ह्यूत त्यांना कॉलेजचं नाव दोनदोनदा सांगावं लागे. "माझ्या मुलीवर ती वेळ येणार नाही," ते म्हणत.

मुलगी ऋचा. डॉक्टर व्हायचं हे तिच्याच मनातलं. पण तिला शिकायचं होतं जवळच्या सरकारी युनिव्हर्सिटीत, मैत्रिणीबरोबर. काकांनी तिला पूर्वेकडच्या नामांकित कॉलेजात घातलं आणि लगेच गाडीच्या मागच्या काचेवर त्याचं स्टिकर लावलं. इथे तशी पद्धतच आहे. पण काका गाडी धुताना त्या स्टिकरसाठी वेगळं फडकं घेत. आम्ही खिडकीतून बघून हसायचो.

तिथे सगळेच आपापल्या शाळेतले पहिले. केमिस्ट्रीत ऋचा मागे पडली ती पडतच गेली. इथे मेडिकल डिग्रीनंतर असतं. तिथे प्रवेश मिळेना, म्हणून तिने मेडिकलच्या आधीच्या मास्टर्स कोर्सला अर्ज केले. मार्कांची कसर भरून काढायला मुलं तो करतात. काका निर्धास्त होते. "अगं, कॉलेजचं नाव बघूनच घेतील."

नाही घेतलं. कुठेच नाही. जवळच्या युनिव्हर्सिटीत शिकलेल्या मैत्रिणीला मात्र चांगल्या मार्कांवर जागा मिळाली. नावाचा उपयोग नसतोच असं मी म्हणणार नाही, होतही असेल कुणाला. ऋचाला झाला नाही, आणि मला अजून त्याचं वाईट वाटतं. फार चांगली डॉक्टर झाली असती ती पोर. आता लांबच्या शॉमबर्ग गावातल्या एका शाळेत सायन्स शिकवते.

त्यानंतर एका रविवारी काका ब्लेडने स्टिकर खरवडताना दिसले. मी बाहेर गेले.

"डिंक काही निघत नाही गं," एवढंच म्हणाले.

गेल्या वर्षी आमची लेक सई बारावीत गेली. काका चहाला आले, तेव्हा मी त्या प्रश्नाची वाटच बघत होते. त्यांनी कप खाली ठेवला.

"तुला कुठे जावंसं वाटतं, बाळ?"

सईला इतकं नवल वाटलं, की तिने खरं ते सांगून टाकलं. "मग तिथेच जा," काका म्हणाले.

या हिवाळ्यात काका गेले. सगळं आटपून ऋचा परत निघाली, तेव्हा सईने तिला ती चहाची गोष्ट सांगितली. तिला बरं वाटेल म्हणून.

ऋचा किल्ली हातात धरून उभीच राहिली. "बाबांनी तुला असं विचारलं? रियली?"

सईने मान हलवली.

"मला पण विचारायचं ना एकदा," ती म्हणाली. आमच्यापैकी कुणाकडेच न बघता.

मग ती काकांचीच गाडी घेऊन निघाली. मागच्या काचेवरचा डिंकाचा चौकोन कोपऱ्यावर वळेपर्यंत दिसत होता.